गार मशीनवरचे डबे

माझ्या नाकाबद्दल आधीच सांगून टाकतो. दिसायला ते काही विशेष नाही. मधे बसकं, टोकाला फुगलेलं. लग्न ठरताना मुलीकडच्यांनी फोटो पाहून 'नाक सोडलं तर पोरगा बरा आहे' असा निरोप धाडला होता. पण नगरच्या एमआयडीसीत, पिशव्यांच्या धंद्यात, या नाकाला मान होता. निदान मी तरी तसं समजून चाललो होतो.

मी मच्छिंद्र ठुबे. गाव राळेगणच्या अलीकडं, राहायला बोल्हेगावात, कामाला नॅथन सरांच्या कारखान्यात. आम्ही पिशव्या करतो. कापडासारख्या दिसतात पण कापडाच्या नसतात, त्या. साडीच्या दुकानात मिळतात, मिठाईवाल्याकडं मिळतात, आणि घरी आणल्या की बायका एका पिशवीत बाकीच्या कोंबून दाराच्या मागं अडकवतात. या पिशव्यांना शिलाई नसते. रोलवरून येणारा कपडा दुमडायचा आणि त्याच्या कडा तापलेल्या लोखंडी पट्टीखाली दाबून एकमेकींना चिकटवायच्या. ती पट्टी असलेली मशीन माझ्या ताब्यात होती. आम्ही तिला भट्टी म्हणायचो.

भट्टी किती तापली ते दाखवणारा काटा कधीचाच मेला होता. सर म्हणाले नवा बसवू, मी म्हणलं कशाला, नाक आहे की. पट्टी कमी तापली तर वास मवाळ येतो, जास्त तापली तर घशाशी येतो, आणि बरोबर तापली की कसा येतो ते शब्दांत सांगता येत नाही, असं मी नव्या माणसांना ऐकवायचो. खरं म्हणजे ते मलाही धड कळत नव्हतं. पण सांगता न येणारी गोष्ट आपल्याला माहीत आहे म्हणलं की माणूस उगाच मोठा दिसतो.

तरी माझी खरी सत्ता नाकावर नव्हती, डब्यांवर होती. भट्टीच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण होतं आणि ते चांगलं तापायचं. जेवणाच्या आधी तासभर पॅकिंगच्या बायका आपापले डबे आणून माझ्या हवाली करायच्या आणि मी त्यांची उतरंड रचायचो. खालचा डबा चटका बसेल इतका गरम, मधला बरा, वरचा नावाला. कुणाचा डबा कुठं, हे मी ठरवायचो. बनुबाई सगळ्यांत वडीलधारी, त्यांचा कायम खाली. बाकीच्यांचा त्यांच्या वागण्यावर. एकीनं मला पाठीमागं 'नाकवाले काका' म्हणलेलं कानावर आलं, तर तिनं पुढचा आठवडाभर गार वांगं खाल्लं. तहसीलदाराला नसेल इतका रुबाब होता माझा, तेवढ्या तासाभरापुरता.

माझी बायको सत्यशीला तिथंच पॅकिंगला. भट्टीतून पिशव्या पडायच्या त्या टेबलावर, म्हणजे मशीनला लागूनच तिची जागा. तिचा डबा मी सगळ्यांत वर ठेवायचो. घरच्या माणसाला खाली ठेवलं तर लोक काय म्हणतील? तिनं कधी तक्रार केली नाही, आणि मीही हे माझ्या सचोटीच्या खात्यावर जमा करून टाकलं.

सत्यशीलाला खोकला होता. घरात जसा माठ असतो तसा तो होता, कायमचा. मी त्याच्यावर काय कमी इलाज केले? ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला, मेडिकलमधली लाल बाटली झाली. ताक बंद, पेरू बंद, चिंच बंद. नागापूरच्या रस्त्यावरची धूळ तिला बाधते म्हणून मोटारसायकलवर तोंडाला स्कार्फ बांधायला लावला. तो स्कार्फ कारखान्यात शिरल्यावर ती सोडायची, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण आत कुठली आलीय धूळ. आत नुसता वास, आणि वासातला तर मी जाणकार.

एक गोष्ट मात्र मला मनातून खायची. मी काही गंमत सांगितली की सत्यशीला हसायला लागायची आणि लगेच खोकला यायचा. मग पदर तोंडावर धरून ती हसणं तिथंच सोडून द्यायची. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचं हसणं पुरं ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, आपल्या गमतीच अर्ध्या वकुबाच्या आहेत.

तर दिवाळीच्या आधी नॅथन सरांनी नवी मशीन आणली. सर म्हणजे माझ्याहून वयानं लहान, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचे चिरंजीव, बोलायला मऊ. गिऱ्हाइकांच्या कुरबुरी वाढल्या होत्या म्हणे. पिशवीच्या कडा जळून कडक होतात, मिठाईच्या पुड्याला जळका वास लागतो. नवीन मशीन महिनाभर वापरून बघायची, पटली तर ठेवायची, नाहीतर परत. बनुबाईंनी नारळ फोडला, सरांनी डोळे मिटून प्रार्थना म्हणली, दोन्हीकडून बंदोबस्त झाला. मी एका बाजूला हाताची घडी घालून उभा होतो.

मशीन लावायला आलेल्या फिटरनं सगळ्यांना समजावून सांगितलं. ही पट्टी तापत नाही. एका पेटीतून वीज येते आणि हॉर्न नावाचा लोखंडी ठोकळा थरथरतो, इतका भरभर की कानालासुद्धा ऐकू येत नाही. त्या थरथरीनं कपड्याचे धागे एकमेकांवर घासतात, जिथं घासतात तेवढ्याच जागी वितळतात आणि चिकटतात. बाकी सगळं गार. धूर नाही, वास नाही. थंडीत आपण तळहात चोळतो ना, तसंच समजा, असं तो म्हणाला. मी म्हणलं, तळहात चोळून गरम होतात हे खरं, पण आजपर्यंत कुणाचे एकमेकांना चिकटलेले ऐकले नाहीत. सगळे हसले. त्या मशीनसमोर मला मिळालेला हा पहिला आणि शेवटचा विजय.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं सगळ्यांच्या आधी कारखान्यात आलो. भट्टी तापायला वेळ लागायचा, म्हणून मला लवकर यावंच लागायचं. नव्या मशीनचं बटण दाबलं आणि स्टूल टाकून बसलो, तापायची वाट बघत. बसलो, बसलो, चहा झाला, बायका आल्या, सर आले. सरांनी विचारलं, 'मच्छिंद्रभाऊ, सुरू का नाही केली?' मी म्हणलं, अजून अंगात आली नाही. सरांनी नुसतं पायाखालचं पॅडल दाबलं आणि पहिली पिशवी बाहेर पडली.

मी ती पिशवी उचलून नाकाला लावली. काही नाही. उलटी करून हुंगली, आत तोंड घालून हुंगली. बाजारात नुसत्या कपड्याला येतो तेवढाच वास. मग मी पिशवीत पाय घातला आणि दोन्ही बंद धरून जोर लावून वर ओढले, की बघू कशी टिकते. पिशवीला काही झालं नाही. माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

पण खरी पंचाईत झाली दुपारी. बायका डबे घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. भट्टी बंद. नवी मशीन टाचेपासून डोक्यापर्यंत गार. मी कुठं ठेवू उतरंड? त्या दिवशी सगळ्यांनी गार भाकरी खाल्ली आणि माझ्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. कालचा तहसीलदार आज नुसता पॅडल दाबणारा झाला. मला जेवण गेलं नाही, हे कबूल करतो.

मग मी शोध लावला. मशीनच्या मागं ती वीज पाठवणारी पेटी होती, कमरेइतकी उंच, वरून सपाट. तिच्या माथ्यावर बारीक फटी होत्या आणि फटींतून ऊबदार वारा यायचा. अंगातली गर्मी बाहेर टाकायला आत पंखा होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की अख्ख्या मशीनला ऊब असलेली ही एकच जागा आहे आणि ती मी नाकानं नाही तरी हातानं हुडकून काढली आहे. दुसऱ्या दिवशीपासून डबे तिथं. फटी पार झाकून जातील अशी नीट, चोख उतरंड. बनुबाई खाली, सत्यशीला वर. डबे गरम काही होत नव्हते, पण मी विचारायचो, 'कोमट हाय का न्हाई?' आणि बायका भिडेखातर व्हय म्हणायच्या.

त्या दिवसापासून मशीन दुपारी बंद पडायला लागली. जेवणाच्या जरा आधी टूं करून आवाज व्हायचा, लाल दिवा लागायचा, सगळं ठप्प. आम्ही डबे उचलून जेवायला बसायचो, जेवून आलो की मशीन सुरू, मग संध्याकाळपर्यंत कुरकूर नाही. बनुबाई म्हणाल्या, हिला बी भूक लागती वाटतं. मी हसलो नाही. मी गंभीर चेहरा करून सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं की मशीन कच्ची आहे. हे मी रोज सांगायला लागलो. चेहरा रोज आणखी गंभीर करायचो, पण आतून उकळ्या फुटत होत्या.

सरांनी फोन केले. फिटर म्हणाला नगरची वीज खालीवर होत असेल. मग तो स्वतः आला, पण सकाळीच आला, सगळं बघितलं, मशीन झक्क चालते म्हणाला आणि दुपारच्या आत निघून गेला. तो गेला, डबे चढले, लाल दिवा लागला. पेटीवरचे डबे सरांना दिसत नव्हते का? दिसत होते. पण आमच्याकडं मशीनवर डबे असणं ही नवलाची गोष्टच नव्हती. भिंतीवरच्या घड्याळासारखे ते तिथं असायचेच.

दिवाळी तोंडावर आलेली, मिठाईवाल्याची ऑर्डर अंगावर. शेवटी सर कंटाळले. म्हणाले, मशीन परत पाठवू. कंपनीचा टेम्पो शुक्रवारी संध्याकाळी येईल, तोवर हातातला रोल तिच्यावर संपवू, आणि मच्छिंद्रभाऊ, तुमची भट्टी पेटवा. मला बायकोच्या बापानं पोरगी देतो म्हणल्यावर झाला नव्हता इतका आनंद झाला.

शुक्रवारी मी पहाटच धरली. भट्टीला फडकं मारलं, हार घातला, बटण दाबलं. पट्टी तापली, पहिला धूर निघाला आणि मी छाती भरून वास घेतला. माझं राज्य परत आलं होतं. पलीकडं नव्या मशीनवर सर स्वतः उभे राहून उरलेला रोल संपवत होते. मी भट्टीवर काम करता करता बायकांना भाषण देत होतो. आगीशिवाय जगात काही पक्कं होत नाही, भाकरी होत नाही, वीट होत नाही, मग पिशवी कशी होईल? पुढं तर मी मडक्यापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात सत्यशीला खोकली.

मी थांबलो, तिचं होऊ दिलं, आणि पुन्हा बोलायला लागलो. ती पुन्हा खोकली. आता ती टेबलाला धरून वाकली होती, पदराचा बोळा तोंडाशी. मला आधी रागच आला, भाषणाचा विचका झाला म्हणून. मग डोक्यात आलं, अरे, हा खोकला बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता की. कधीपासून? ते काही मला आठवेना. इतकं तिखट नाक बाळगणाऱ्या माणसाला आपली बायको खोकायची थांबली होती हे कळलंच नव्हतं.

दुपार झाली. डबे पूर्वीसारखे भट्टीवर चढले, पेटी मोकळी राहिली. मी सवयीनं लाल दिव्याची वाट बघत होतो. टूं झालं नाही. सर पिशव्या काढत राहिले. जेवणाची घंटा झाली तरी हिरवा दिवा तसाच. सर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, बघा, जायच्या दिवशी शहाणी झाली. ते जेवायला गेले. मी पेटीजवळ गेलो आणि फटींवर हात धरला. वारा वर येत होता, चांगला जोरात, मोकळा. मी हात दाबून फटी बंद केल्या तर आतला पंखा घुसमटल्यासारखा घरघरला. मी हात काढला. इतके दिवस मी रोज त्या पेटीच्या तोंडावर भाकरीचे डबे दाबून तिचा श्वास कोंडत होतो आणि वर केबिनमध्ये जाऊन चुगली करत होतो.

आजूबाजूला बघितलं. कुणाच्या काही लक्षात आलेलं नव्हतं.

सत्यशीला आत जेवायला बसली नव्हती. ती बाहेर पाण्याच्या टाकीपाशी, लिंबाच्या सावलीला बसली होती. मी तिचा डबा घेऊन गेलो. डोळे लाल झालेले, आवाज बसलेला. मी विचारलं, मधे खोकला नव्हता ना गं तुला? ती नव्हता म्हणाली. मी म्हणलं, मग बोलली का नाहीस की हा भट्टीचा धूर आहे म्हणून?

ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, 'तुमची मशीन हाय ना ती. तिला काय नावं ठिवायची?' मग म्हणाली, 'ती नवी नेनारेत व्हय आज? असू द्या. थोडे दिस का हुईना, झोप लागली मला.'

तिच्या बोलण्यात राग असता तर मला बरं पडलं असतं. भांडलो असतो. ती नुसती सांगत होती. मला माझी इतकी लाज वाटली की मी तिच्यापाशी बसूही शकलो नाही.

आता इथं एखादा भला माणूस धावत सरांकडं गेला असता. मी चहा प्यायला गेलो. टपरीवर उभं राहून हिशेब मांडला. बोललो नाही तर संध्याकाळी टेम्पो येतो, मशीन जाते, भट्टी राहते, डबे राहतात, नाक राहतं. कुणाला कधी कळायचं नाही. बोललो तर भट्टी भंगारात आणि आख्ख्या एमआयडीसीत माझं हसं. चहा संपेपर्यंत माझा कल कुठं होता ते मी सांगत नाही. पण टपरी आमच्या पत्र्याच्या भिंतीला लागूनच आहे. जेवणानंतर भट्टीशेजारी पॅकिंग सुरू झालं होतं आणि भिंतीपलीकडून तो खोकला ऐकू यायला लागला. मला बाकी कुणाचा आवाज ओळखू आला नसता. तो ओळखू आला. ग्लास तसाच ठेवून मी आत गेलो.

सर टेम्पोवाल्याला फोनवर रस्ता सांगत होते. मी म्हणलं, 'सर, ती मशीन बंद पडत नव्हती. मी पाडत होतो.'

सरांना काही उमगलं नाही. मग मी सगळ्यांसमोर करून दाखवलं. भट्टी बंद केली, बायकांचे रिकामे डबे गोळा केले आणि पेटीवर उतरंड रचली, फटी झाकून, अगदी चोख. मशीन सुरू केली आणि आम्ही सगळे बघत उभे राहिलो. काही होईना. पिशव्या पडत राहिल्या, हिरवा दिवा तसाच. सर घड्याळ बघायला लागले. मला घाम फुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून ती मशीन बंद पड म्हणून विनवत होतो आणि ती मेली पडायला तयार नव्हती. बऱ्याच वेळानं टूं झालं आणि लाल दिवा लागला. मी डबे उचलले, पंख्यानं दम घेतला, दिवा पुन्हा हिरवा झाला.

बनुबाई म्हणाल्या, 'म्हंजी भूक मशीनला लागत नव्हती. मच्छिंद्राला लागत हुती.'

त्यानंतर जो हशा उठला तो मी खाली मान घालून ऐकून घेतला. सरांनी फिटरला फोन लावला. त्यानं पलीकडं बहुतेक त्याच्या सगळ्या ऑफिसला बोलावून ते ऐकवलं. टेम्पो आला तो रिकामाच परत गेला. सर मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, 'भाऊ, आज सांगावंसं का वाटलं?' मी म्हणलं, डबे गरम होत नव्हते. यापेक्षा जास्त बोललो असतो तर तिथंच डोळे भरून आले असते, आणि ती एक फजिती मला त्या दिवशी नको होती.

भट्टी आता मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. पेटीवर सरांनी लाल रंगात 'येथे डबे ठेवू नयेत' असं लिहून घेतलंय, त्याखाली कुणीतरी खडूनं नाक काढलंय. पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा असतं. शेजारच्या कारखान्यातले लोक मुद्दाम बघून जातात. डबे सगळ्यांचेच गार, त्यामुळं वरचा-खालचा हा भेद गेला. मी आता सत्यशीलाशेजारी बसून जेवतो. तिला ताक सुरू केलंय, पेरूही. खोकला काही एका दिवसात गेला नाही, रेंगाळत रेंगाळत गेला. यावेळी मी दिवस मोजले नाहीत, पण कान देऊन होतो.

परवा थंडीनं कहर केला. आम्ही मोटारसायकलवरून आलो तेव्हा माझी बोटं लाकडासारखी झाली होती. गाडी लावली, सरळ आत गेलो, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं दोन्ही तळहात मशीनवर पसरून शेकत उभा राहिलो. डोळे मिटून, अगदी सुखानं. काही वेळानं ध्यानात आलं की हात आणखी गार पडताहेत.

मागं सत्यशीला हसायला लागली. मी वळलो नाही. खोकला येईल म्हणून थांबलो, जसा नेहमी थांबायचो. ती हसत राहिली. टेबलाला धरून, पिशव्यांचा गठ्ठा खाली पाडून, बनुबाईंना 'बघा, बघा' म्हणत ती पोटभर हसली, आणि हसणं आपणहून संपलं तेव्हाच थांबली. मधे खोकला आला नाही.

मशीन गार होती. मी हात आणखी थोडा वेळ तसेच ठेवले.